राही, खुंटा गोठ्याच्या आढ्यावर होता

राही, जात्याचा खुंटा मी लपवला होता. सुनेनं नाही.

एवढंच लिहायचं होतं. मास्तरांनी वही दिली तवा वाटलं, एका ओळीचं काम आहे. ओळ लिहून झाली आणि मी तसाच बसून आहे. तुला जाऊन पंधरा दिवस झाले. तेरावा झाला, पाव्हणे गेले. आपला मारोती सकाळीच नांगराला गेला, सून अनुसया अंगणात भांडी घासायलीय. मी तुझ्या बाजंवर बसून लिहायलोय. बाज उभी करून ठेवा असं सगळे म्हणले. मी म्हणलं, राहू द्या. घरात दुसरीकडं कुठं बसावं ते मला उमगत नाही.

मला लिहिताना बघून तू हसली असतीस. पोलीस ॲक्शननंतर गावात म्हाताऱ्यांचा वर्ग निघाला आणि मी पाटी घेऊन चावडीत जायला लागलो. तवा तू दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणलीस, "जावा, शिका. कलेक्टर व्हा. येताना मीठ आणा." निजामाच्या शाळेत दोन वर्षं अलिफ बे गिरवलं होतं, ते पार पुसून गेलं. हे बाळबोध साठीच्या पुढं शिकलो, म्हणून अक्षर वाकडं आहे. तुला सरळ अक्षरसुद्धा वाचता येत नव्हतं, तर आता वाकड्याची काय लाज. मास्तर म्हणले, "बाबा, बोलायचं राहिलं ते लिहून काढा. मी कुणाला दाखवत नाही." दाखवलं तरी चालेल. ज्याच्या घरात म्हातारी आहे त्यानं वाचावं.

बसायला आलेले लोक तुझ्या कष्टाचं लय बोलले. रझाकारांच्या धास्तीनं आपण गाव सोडलं, त्या दिवसाचं कुणी काढलं नाही. बैलगाडीत जागा नव्हती. बायकांनी चांदी कमरेला बांधली, कुणी तांब्याच्या घागरी घेतल्या. तू जात्याचा वरचा दगड उचललास, डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर दगड ठेवला आणि चालायला लागलीस. मी म्हणलं, "अगं, खालचा दगड भुईत रोवलाय. निस्ता वरचा घिऊन काय करशील?"

"माझ्या जात्यावर दुसऱ्यानं दळू न्हाई म्हून नेतेय."

तीन कोस चाललीस. पन्नाशी उलटलेली होती तुझी. नदी उतरताना मी हात पुढं केला तर म्हणलीस, "तुमचं धोतर सांबाळा." महिन्यानं गावात परत आलो तवाही तो दगड तुझ्याच डोक्यावर होता, आणि घरात शिरल्या शिरल्या पहिला तू तो बसवलास, मग चूल पेटवलीस.

दगड उचलणाऱ्या त्याच हाताला दहा वर्षांच्या आत पाण्याचा तांब्या उचलेना. मधे काय झालं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी बघत होतो आणि मला दिसत नव्हतं.

पहिलं शिंक्यानं सांगितलं. दुधाचं शिंकं तू उभ्या उभ्या काढायचीस. मग टाचा उचलून काढायला लागलीस, मग पाटावर चढून. तुझी पाठ वाकायली होती. सणावाराला घर सारवायला काढलं, की शिंक्याच्या दोरीची एक गाठ सोडायचो. वीतभर खाली यायचं. मला वाटायचं, तुला कळत नाही. एकदा ताक काढता काढता तू म्हणलीस, "अवो, शिंकं खाली यायलंय का मी भुईत जायलेय?"

मी म्हणलं, "दोरी ताणली असंल."

"दोरी ताणती आन मी आटते. बरं हाय."

त्यानंतर वाकी. मारोती झाला तवा मी तुझ्या दंडात चांदीची वाकी घातली होती. सेलूच्या सोनारानं ती दाबून बसवली, तू ओरडली होतीस. तिचा वळ दंडावर कायमचा पडला होता. साबण लावल्याबगर ती निघायची नाही. आणि एक दिवस वाकीखाली चिंधी दिसली, जुन्या लुगड्याची, काठाची. मी विचारलं, "हे काय?"

"देवीचा गंडा हाय."

मी खरं धरलं. पुढं बैलपोळ्याला तू बैलाला ओवाळायला हात वर केलास. चिंधी सुटली आणि वाकी सरकत थेट कोपरावर येऊन थांबली. सगळ्यांच्या देखत. तू गडबडीनं पदर घेतलास. माझ्या डोक्यात एकच आलं. आदल्या साली वाकी उजळायला दिली होती, तवा सोनारानं चांदी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी सेलूला गेलो. दुकानात पाच-सात गिऱ्हाइकं बसलेली. मी वाकी त्याच्यापुढं आपटली.

"यातली चांदी कुटं गेली?"

"बसा तर आदी, बाबा."

"बसायला आलो न्हाई. गच्च बसणारी वाकी गळून पडायलीय."

सोनारानं तराजू काढला. वाकीच्या आतल्या अंगाला त्याच्या बापानं घडवतानाचं वजन कोरलेलं होतं, ते मला दाखवलं, गिऱ्हाइकांना दाखवलं. मग वाकी पारड्यात टाकली. काटा मधोमध उभा राहिला.

"वाकी हाय तेवढीच हाय, बाबा. आता दंड आणा, त्यो मोजू."

सगळे हसले. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या आणि वाकी घेऊन निघालो. मला कसं कळलं नाही, राही? सेलूपासून गावापर्यंत गाडीत मी वाकी मुठीत धरून होतो आणि मनात सोनारालाच शिव्या घालत होतो. घरी येऊन तुला म्हणलं, "चोर हाय त्यो."

तू वाकी घेतलीस, चिंधी गुंडाळलीस, वाकी वर सरकवलीस. म्हणलीस, "चोर हाय खरा. पण त्यो दुकानात न्हाई बसत."

मी त्यावर हसलो होतो. मला वाटलं, गंमत करायलीस.

पुढच्या साली अंगणात सडा टाकून उठताना तू हात टेकवलास आणि मनगट मोडलं. पडली नाहीस की आपटली नाहीस. निस्ता हात टेकवला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज मला ओसरीवर ऐकू आला. गावचा हाडं बसवणारा दस्तगीर पैलवान आला. त्यानं मनगट बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या, तुझी पाठ दोन बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपली आणि मला बाजूला घेतलं.

"बाबा, बाई की हड्डी पोली हो गई. घुन लगी लकडी सरीकी. सव्वा महिना हिलाना नै. संभालो."

घुण लागलेलं, आतून पोकळ झालेलं लाकूड मला ठाऊक आहे. माळवदाच्या खणात असली एक तुळई होती, तिच्यावर आपण भार टाकत नव्हतो, खालून टेकू लावला होता, आणि ती वीस वर्षं टिकली. मी तुझंही तसंच केलं. बाज ओसरीच्या आतल्या बाजूला टाकली आणि तुला तिच्यावर बसवलं. सडा, पाणी, चूल, भाकरी, सगळं अनुसयेकडं दिलं. सव्वा महिना झाला. कामट्या सुटल्या. तू उठून जात्याकडं निघालीस आणि मी आडवा आलो.

"हाड जुळलंय की," तू म्हणलीस.

"एक जुळलंय. बाकीची हायत न्हवं आजून."

मी उगाच भ्यालो नव्हतो. तुझी आई माजघरात पाय घसरून पडली, खुबा मोडला, आणि पुन्हा उठली नाही, हे मी बघितलं होतं. एकदा तू निस्ती खोकलीस तर पाठीत कळ निघाली आणि आठ दिवस कूस बदलता आली नाही, तेही बघितलं होतं. मला दिवसा उठता-बसता तुझ्या हाडांचा आवाज ऐकू यायचा. तू भांडं ठेवलंस तरी मला वाटायचं, मोडलं.

त्यातच गावात इंजनाची गिरणी आली. मी खूश झालो. आता जात्याचं कामच संपलं. पहिलं पीठ मीच डोक्यावर घेऊन आलो. तू चिमूट घेऊन वास घेतलास. "इंजनाचा वास येतो."

"भाकरीला येत न्हाई."

"मला येतो."

मग तू माझ्याशी जे बोललीस ते मला शब्दाला शब्द आठवतं, कारण तितकं सरळ तू कधी काही मागितलं नव्हतंस. घरात आपण दोघंच होतो. तू म्हणलीस, "हाताला काम न्हाई तर हात इसरून जायलाय. पायाला उटणं न्हाई तर पाय इसरून जायलाय. मला पायली न्हाई दळायची. वंजळभर जवारी. एकटीला आता जातं वढत न्हाई. तुमी म्होरं बसा. तुमच्या बाजूचा अर्दा फेरा तुमी वढा, माझ्या बाजूचा मी वढते. दार लावून घिऊ."

मी म्हणलं, "अनुसयेला घे म्होरं."

"ती एकलीच वढती. मला निस्ता हात ठिवायला लावती. दया करती पोरगी. तुमी करणार न्हाई."

"गडी माणूस जात्यावर बसत नसतो."

"दार लावल्यावर कोण बगतंय?"

"मी बगतोय की."

तू बोटाला लागलेलं पीठ पदराला पुसलंस. मग म्हणलीस, "बरं." पुन्हा ते मागितलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलाला पाणी दाखवून आत आलो तर तू एकटीच जात्यावर बसलेली. दोन्ही हातांनी खुंटा धरलेला, ओठ दाबलेले, मानेच्या शिरा उभ्या राहिलेल्या, आणि दगड जागचा हलत नव्हता. तू मला बघितलं नाहीस. मी मागच्या मागं फिरलो. तू न्हाणीत गेलीस तवा मी खुंटा उपटला, धोतरात घातला आणि गोठ्यात जाऊन आढ्याच्या वर सारला. तुझा हात तिथं पोचायचा नाही. तुझी उंची मला गाठी मोजून ठाऊक होती.

माझी राही मोडू नये. त्या वेळी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण हे लिहिलं म्हणून त्याचं पुढं जे झालं ते उणं होत नाही.

खुंटा गेला म्हणल्यावर तू पहिल्यांदा अनुसयेला धरलंस. "कुटं ठिवलास गं? चुलीत घातलास का?" ती बिचारी खाली मान घालून उभी. मी ओसरीवर तंबाखू मळत होतो. मी मळतच राहिलो. मला वाटलं, दोन दिवस बोलशील आणि विसरशील. तू विसरली नाहीस. दर चार-आठ दिवसांनी, मी ओसरीवर येऊन बसलो की आतून तुझा आवाज यायचा.

"गिरणीचं आयतं पीट गोड लागायलंय न्हवं? सासूचा खुंटा सरपणात घातला आन भाकरी भाजली."

"न्हाई वो, आत्याबाई."

"मग काय पाय फुटले त्याला? ज्यानं ठिवला त्याच्या हाताला काटं कसं न्हाई टोचलं?"

मला टोचत होते. तरी मी उठलो नाही. उठलो असतो, तर खुंटा द्यावा लागला असता, आणि दिला असता तर तू मोडली असतीस. आधी हे खरं होतं. नंतर दुसरंच खरं झालं. सहा महिने माझ्या जागी सुनेनं बोलणी खाल्ल्यावर मी कुठल्या तोंडानं आणून देऊ? जितके दिवस जायचे तितका खुंटा वर जायचा. भांडण झालं की अनुसया तोंडात काहीतरी घोळवत बाहेर यायची. मला वाटायचं, रडं गिळायलीय. मी दुसरीकडं बघायचो.

आणि तू बाजंवर कमी होत होतीस. न्हाऊ घालायला अनुसया असायची, पण पायाला तेल मी लावायचो, दार लोटून. ते मला चालायचं. जात्याला दार लोटणं चाललं नाही. तुझ्या पोटऱ्या म्हणजे, राही, नदी उतरताना लुगडं वर खोचलंस तवा मी मागून बघितल्या होत्या, दगडासारख्या. आता रिकाम्या पिशवीत हात घालावा तसं लागायचं. आत नळीचं हाड होतं आणि त्याच्याभोवती काही नव्हतं. मी दाबायला भ्यायचो. तू म्हणायचीस, "दाबा. दुकलं तर सांगते. दुकायला काय तरी लागतं न्हवं तिथं." बाजंचा सुंभ ढिला पडला म्हणून मी ताणून बांधायला घेतला, तर म्हणलीस, "झाल्यावर मला बी आवळा."

आधी तू मेढीच्या खांबाला धरून उठायचीस. मग माझ्या गळ्याला धरून. मग मी उचलायला लागलो. पहिल्यांदा तुला उन्हात न्यायला उचललं तवा मी जोर लावला आणि मागं पडता पडता राहिलो, इतकी हलकी. मला राग आला. कुणाचा ते कळलं नाही. तुझ्यावरच ओरडलो, "जेवत न्हाईस का?" तू जेवत होतीस. अर्धी भाकरी जात होती. ती कुठं जात होती ते देवाला ठाऊक.

वर्षभरानं दस्तगीर पैलवान सहज म्हणून आला. तुला बाजंवर बघून दारातच थांबला.

"क्या रे बाबा, बाई कू मुरब्बे सरीका बरनी में डाल के रख्या क्या?"

मी म्हणलं, "तूच म्हणलास, संबाळ."

"सव्वा महिना बोल्या था मैं. सव्वा साल नै बोल्या." तो खाली बसला आणि तुझा दंड त्यानं हातात घेतला. त्याचं बोट आणि अंगठा एकमेकाला लागले. "हड्डी कू गोश्त पकडता, बाबा. गोश्त गया तो हड्डी कू कौन पकडेगा? थोडा थोडा चलाव इसकू. हात कू काम देव."

तू माझ्याकडं बघितलंस. मी उठलो, वैरण टाकतो म्हणलं आणि गोठ्यात गेलो. आढ्याखाली उभा राहिलो. हात वर केला असता तर पुरला असता. म्हशीला वैरण टाकली, बैलांना टाकली, पुन्हा म्हशीला टाकली. रिकाम्या हातानं घरात आलो. तवा पैलवान गेला होता आणि तू भिंतीकडं तोंड केलं होतंस.

तुझ्या धाकट्या बहिणीच्या लेकीचं लग्न निघालं, चुडाव्याला. तू म्हणलीस, मी माझ्या पायानं गाडीत चढंन. महिनाभर आधीपासून तू बाजंच्या कडेला बसून पाय वर उचलायचीस, एक मग दुसरा, आणि ओठ हलायचे, मोजायचीस. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. सेलूच्या ठेसनात गाडी लागली. तू दांडीला धरलंस, पाय उचललास, पायरीला टेकवलास. वर चढायला जोरच आला नाही. पुन्हा उचललास. मागं माणसं ढकलायली, "म्हातारीला घ्या की वर," म्हणायली. मी आणि मारोतीनं काखेत हात घालून तुला वर टाकलं. परभणी येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस. मग म्हणलीस, "पोत्याला तर इच्यारतात, कुटं उतरायचं."

चुडाव्यात बहीण गळ्यात पडून रडली. "अक्के, आर्दी झालीस गं."

"आर्दी घरी ठिवून आले," तू म्हणलीस आणि माझ्याकडं बघितलं नाहीस.

लोक विचारतात, कशानं गेली. काय सांगू? त्या मनगटानंतर तुझं एकही हाड मोडलं नाही. मी मोडू दिलं नाही. तू पडली नाहीस, घसरली नाहीस. छातीत कफ झाला, आणि तो खोकून काढायला लागतो तेवढाही जोर अंगात उरला नव्हता. सगळी हाडं धड होती आणि त्यांच्यासकट तू गेलीस. तिसऱ्या दिवशी राख सावडताना मी ती एक एक वेचली. बत्ताशासारखी. बोटांत धरली की भुगा. भटजी म्हणला, बाबा, हळू. दोन वर्षं मी हळूच करत होतो. गंगेत सोडली तवा त्यांचा पाण्यात आवाजसुद्धा झाला नाही.

तेराव्याला चुडाव्याची बहीण सगळ्या बायकांत बोलली. "माझ्या भैनीचा खुंटा जाळला या सुनंनं. वंजळभर दळायची तिची हौस, ती बी पुरवली न्हाई." अनुसया वाढत होती. तिचा हात थांबला नाही. सगळ्या बायका तिच्याकडं बघायल्या, मारोती पत्रावळीत बघायला लागला, आणि मी, राही, तिथंही गप बसलो. तू नव्हतीस, मोडायची भीती नव्हती, तरी तोंड उघडलं नाही. मी तुझ्यासाठी गप होतो, हे दोन वर्षांचं माझं म्हणणं तिथंच पंगतीत संपलं.

काल पाव्हणे गेल्यावर मी गोठ्यात गेलो. खुंटा काढला. धुरळा बसला होता, पाकोळ्यांनी घाण केली होती. धोतरानं पुसला आणि अंगणात अनुसयेपुढं धरला.

"ह्यो मी ठिवला हुता."

तिनं पदर नीट केला. भांडं घासत होती ते घासतच राहिली. "ठावं हाय, मामंजी."

"कदीपासून?"

"गोठा मीच झाडते की."

मी तिथंच ओट्यावर बसलो. "मग तिला कामून न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं. दुसऱ्याच दिशी."

"मग ती तुला एवढं बोलायची ते?"

अनुसयेनं भांडं पालथं घातलं. माझ्याशी ती इतकं कधी बोलली नव्हती. "आत्याबाई म्हणल्या, तू काडून आणू नको. मी तुला बोलीन, तू आयकून घे. वसरीवर बसल्याल्याच्या कानावर जाऊ दे. ज्यानं ठिवला त्यो आणून देईल. त्यानंच आणून द्यावा आन म्होरं बसावं, मला दुसरं काय नगं." मग दुसरं भांडं ओढून म्हणली, "भांडून झालं की मला गुळाचा खडा द्यायच्या. शेवटाला आवाज चढत नव्हता त्यांचा. तरी म्हणायच्या, आज बसलेत का वसरीवर? बसलेत म्हणलं की सुरू."

तो गूळ होता, राही. मी रडं समजत होतो. आणि शेवटी तुझा आवाज बारीक झाला तवा मी म्हणत होतो, चला, राग निवला.

दोन वर्षं तू मला दार उघडून ठेवलंस आणि मी त्या दारात बसून तंबाखू मळली. तू भांडकुदळ आहेस असं मी गावभर सांगत होतो. तुझ्याइतकं मला कुणी सांभाळून घेतलं नाही. चारचौघांत एकदा सुद्धा म्हणली नाहीस, माझ्या नवऱ्यानं लपवला. मी हात पुढं करावा आणि मान माझी राहावी, एवढी सोय करून ठेवलीस. आणि मी ती सोय बघितलीच नाही. हे मी आता कुणाला सांगू? चुडाव्याला निरोप धाडायला मारोतीला सांगितलंय, की खुंटा सुनेनं जाळला नाही, म्हाताऱ्यानं लपवला होता. बहीण काय म्हणायची ती म्हणू दे. तुझी वाकी अनुसयेला दिली. तिच्या दंडात गच्च बसली. चिंधी उरली.

आज सकाळी मारोती गेल्यावर मी जात्याजवळ गेलो. खुंटा भोकात घातला तर खेळायला लागला. दोन वर्षं आढ्यावर वाळून तो आटला होता. मी तुझी चिंधी त्याला गुंडाळली आणि ठोकला. बसला.

अनुसयेला म्हणलं, दार लाव. तिनं विचारलं नाही, कशाला. बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

तुझ्या बाजूची भुई बसून बसून खोलगट झालीय. तिथं मी बसलो नाही. समोर बसलो. ओंजळभर ज्वारी घातली आणि खुंटा धरला. दगड जड आहे, राही. तू तो डोक्यावर घेऊन नदी कशी उतरलीस? दोन्ही हात लावले तवा फिरला. माझ्या बाजूचा अर्धा फेरा मी ओढतो. मग दगड तुझ्या बाजूला जाऊन थांबतो.